‘लिटरली’ म्हणजे खरंच घडलेलं, की नुसता जोर?
(सोलापूरच्या तीन भागांतल्या तिघांचं बोलणं; नावाऐवजी भाग दिलाय.)

जुळे सोलापूर:
मी एका रुग्णालयात केसपेपर काढते. परवा एक पोरगा वडलांना घेऊन आला. “पप्पांनी लिटरली दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही.” मी तसंच लिहिलं. मागून वडील म्हणाले, “सकाळी चहा घेतला की ओ.” खोडून पुन्हा लिहिलं.
लॅटिनमधला ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर, त्यातून हा शब्द आला. जसं घडलं तसं, तंतोतंत, हा त्याचा अर्थ. आता तो वाढवून सांगायलाच वापरतात. मग खरं घडलेलं कोणत्या शब्दात सांगायचं? माझ्या मते हा वापर चूकच आहे.

साखर पेठ:
असं कसं ओ ताई? आपला ‘अक्षरशः’ बघा. घडण तीच, वाटही तीच. एप्रिलात ‘उन्हानं अक्षरशः भाजून निघालो’ म्हणतो, कुणी अंगावर फोड शोधत नाही. इंग्रजीतही हे नवीन नाही. फ्रान्सिस ब्रुक या लेखिकेच्या १७६९ सालच्या कादंबरीत ‘लिटरली’ असाच आलाय. ‘व्हेरी’चा मूळ अर्थ ‘खरा’, आज तो नुसता ‘फार’ झालाय. जोराचे शब्द असेच झिजतात, त्यात कुणाची चूक नाही.

जुळे सोलापूर:
‘अक्षरशः’चं मान्य. पण उन्हात माणूस भाजून निघत नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. दोन दिवस पाणी न घेणं मात्र घडू शकतं. घोळ तिथं होतो.

होटगी रोड:
ताई, मी पुण्याला शिकतो. पहिल्या वर्षी वर्गात ‘लई’ म्हटलं की पोरं हसायची. ‘लई भूक लागलीय’चं ‘लिटरली मरतोय भुकेनं’ तेव्हापासून झालं. आम्हाला जोर द्यायला शब्द लागतो. घरचा वापरला की गावंढळ ठरतो, आणि हा वापरला तर तुम्ही चूक म्हणता.

जुळे सोलापूर:
अरे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘लई’ खुशाल म्हण, हसू देत त्यांना. त्या पोरानं ‘लई वेळ पाणी घेतलं नाही’ म्हटलं असतं, तर मी ‘किती वेळ?’ विचारलं असतं. ‘लिटरली दोन दिवस’ ऐकलं म्हणून विचारलं नाही.

साखर पेठ:
मग ताई, विचारायचं राहिलं त्याचा दोष शब्दाला कशाला?

जुळे सोलापूर:
विचारायचं माझ्याकडून राहिलं, हे कबूल. पण ‘विचारायची गरज नाही’ असं सांगणाराच शब्द होता तो. म्हणून माझं मत तेच आहे.