तुमची इंग्रजी शब्दसंपत्ती किती हजारांची? (आणि मोजली कोणी?)

उंटावरचा शहाणा

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय, तुम्हालाही चार जणांनी पाठवली असेलच. म्हणे नेटिव्ह, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या, माणसाला इंग्रजीचे २० ते ३५ हजार शब्द येतात, बाहेरून शिकणाऱ्यांत सगळ्यात जास्त आढळणारा आकडा फक्त ४,५००, तेव्हा भारतीयांनी इंग्रजी येत असल्याचा तोरा आता आवरावा. खाली लोकांनी आपापले स्कोअर डकवलेत, कुणी १८ हजार, कुणी २१ हजार, आणि एका काकांनी २१वाल्याला 'अभिनंदन, संस्कार दिसतात' असं लिहिलंय. तिथे लिहून उपयोग नाही म्हणून इथे लिहितोय.

आकडे खोटे नाहीत. टेस्ट युवर व्होकॅब या ऑनलाइन चाचणीचे आहेत, २०१३ साली इकॉनॉमिस्ट साप्ताहिकानेही छापले होते. पण त्या चाचणीत शब्दांची यादी समोर येते आणि जो येतो त्यावर आपणच टिक करायची. तपासणार कोण? शिवाय रात्री अकरा वाजता शब्द मोजायला बसतो कोण, ज्याला शब्दांची हौस आहे तोच ना. हौशी अमेरिकन विरुद्ध शिकाऊ जग, अशी ती तुलना.

दुसरं म्हणजे शब्द कशाला म्हणायचं इथूनच वांधे आहेत. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या ब्रिसबार्ट आणि मंडळींनी २०१६ मध्ये काढलं की विशीतल्या अमेरिकन माणसाला सरासरी ४२,००० शब्द ओळखता येतात, हॅपी, अनहॅपी, हॅपिनेस हे सगळे वेगळे धरून. असे एका घरातले शब्द एकत्र बांधले की त्याच माणसाच्या ४२ हजारांची ११,१०० कुटुंबं होतात. माणूस तोच, डोकं तेच! १९४० मध्ये सीशोर आणि एकर्सन यांनी तर अमेरिकन कॉलेजातल्या पोरांना दीड लाखाच्या वर शब्द येतात असं सांगितलं होतं. जाडजूड डिक्शनरीच्या ठराविक पानावर ठराविक जागी असलेला शब्द उचलायचा ही पद्धत, आता ज्या शब्दाने अर्धं पान खाल्लंय तोच हाताला लागणार आणि तो रोजच्या वापरातलाच असणार, मग काय, फुगला आकडा. पुढे १९९० मध्ये गोल्डन, नेशन आणि रीड यांनी मूळ शब्द मोजले तर चांगल्या शिकलेल्या नेटिव्हचे निघाले १७ हजार. एक जण कांदे नगावर मोजतोय, दुसरा किलोवर, आणि आपण उगाच आपला भाव पाडून घेतोय.

वरणफळ

अभ्यासपूर्ण वगैरे आहे, पण निष्कर्ष सोयीचा काढलात. मोजपट्टी वाकडी आहे म्हणून समोरचा बुटका माणूस उंच होत नाही.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, कुठल्या ते विचारू नका. कुटुंबंच मोजायची ना? मग नेशनसाहेबांचंच घ्या. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार कुटुंबं लागतात असा त्यांचा २००६चा हिशोब आहे, तेव्हा कुठे ९८ टक्के शब्द ओळखीचे असतात. त्यांनी आणि बेगलारने केलेली १४० प्रश्नांची चाचणी मी सेकंड इयरला दिली होती. बहुतेकांचा आकडा आठ हजारांच्या बराच खाली. यात तुमच्या कांद्यांचा प्रश्न येतच नाही, तीच पट्टी आणि तेच एकक.

आणि चाचणी सोडा. गेल्या परीक्षेत गणित होतं, ए आणि बी ची वस्तुमानं २ आणि ५ किलो रिस्पेक्टिव्हली. एक पोरगं हात वर करून म्हणतं, मॅडम, रिस्पेक्टिव्हली दिलेलं नाहीये, किती घ्यायचं? त्याला वाटलं ती तिसरी राशी आहे. हुशार मुलगा हो, मेकॅनिक्स तोंडपाठ. मी बाकावर टिचकी मारून 'पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं' म्हटलं तर दोन मिनिटांत गणित सोडवून मोकळा. आता त्याला जाऊन सांगा, बाळा, शब्दाची व्याख्याच ठरलेली नाही.

खानदेशी तडका

ताई, त्या पोराचं माध्यम कोणतं होतं ते सांगा ना आधी. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली. पहिलीपासून इंग्रजी सरकारने आणलं २००० साली, तोवर आमची दहावी होऊन गेली होती. पाचवीपासून पाच-सहा वर्षं, त्यातही सर खो-खोच्या टीमला घेऊन तालुक्याला. एवढ्यावर ज्याने डिग्री काढली त्याला तुम्ही विचारता शब्द किती येतात. शब्द मोजू नका, कुठून किती चाललो ते मोजा.

आणि नोकरीच्या मुलाखतीत आठ हजार कुटुंबं कोणी विचारत नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर ज्याचा आवाज चढा तो आत. माझ्यासोबतचा पोरगा दोनशे शब्दांत कंपनीत शिरला, आज मॅनेजर आहे, मेलमध्ये काइंडली डू द नीडफुल लिहितो आणि अमेरिकन क्लायंट निमूट करतो नीडफुल.

हडपसरकर

माझी गंमत उलटी. आमच्या वेळी जीआरईला, म्हणजे अमेरिकेत पुढचं शिकायला जाण्याच्या परीक्षेला, साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करायचं फॅड होतं, मी केली, लोकलमध्ये, संडासात, आत्याच्या लग्नात. असले एकेक शब्द यायचे की त्यांचा स्कोअर वर काढला असता तर काकांनी मला पण संस्कारी म्हटलं असतं. मग अमेरिकेत पहिल्या महिन्यात दुकानात गेलो, डाळ गाळायची चाळणी पाहिजे. काय म्हणतात? डोक्यात जीआरईचे सगळे शब्द फेर धरून नाचतायत आणि चाळणीला शब्द नाही. उलथनं नाही, पळी नाही, चिमटा नाही. शेवटी हाताने भोकं भोकं दाखवली. काउंटरवरची मुलगी बारावी पण झाली नसेल, तिने लगेच आणून दिली. विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजी जीआरईवाल्यांनी २०११ मध्ये परीक्षेतून काढूनच टाकले, माझी साडेतीन हजारांची इस्टेट तेव्हापासून पडून आहे.

मुद्दा हा, की अवघड शब्द येत असेल तर त्याखालचे सोपे येतच असणार असं चाचणी धरून चालते. आपल्याकडे वरचा मजला बांधलाय आणि तळमजला नाहीच.

बांद्रेकर

मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. एक प्रश्न. त्या चाचणीत शेवटी विचारतात इंग्रजी तुमची पहिली भाषा आहे का. मी काय टिक करू? आमच्या घरी इंग्रजीच बोलतात, पप्पा-मम्मी तेच, आजी तेवढी कोंकणीत रागवायची. मी 'हो' केलं तर ऑफिसातली मंडळी हसतात, अरे तू इंडियन, नेटिव्ह कसला. 'नाही' केलं तर खोटं. २०११च्या जनगणनेत अडीच लाखांवर लोकांनी इंग्रजी मातृभाषा सांगितली आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले आहेत. आम्ही कोणत्या रकान्यात?

खानदेशी तडका

घ्या, आले साहेब. मातृभाषा म्हणे इंग्रजी. अशाने उद्या आमच्या सोसायटीतली सगळी पोरं नेटिव्ह होतील, ज्यांच्या आया 'बेटा, काऊला बनाना दे' करतात. काऊ म्हणजे कावळा की गाय ते पोराला पण माहीत नाही. मराठी विसरायची, इंग्रजी अर्धवट, आणि जनगणनेवाला आला की छाती फुगवून सांगायचं इंग्रजी.

बांद्रेकर

मी आईची भाषा सांगितली, तुमच्या सोसायटीची नाही. चार पिढ्या चर्चमध्ये, शाळेत, स्वयंपाकघरात हीच भाषा. तुमची परवानगी लागते हे माहीत नव्हतं.

वरणफळ

खानदेशी, तोल सांभाळा. त्यांचं घर वेगळं आणि हौसेने इंग्रजी झालेलं घर वेगळं. पण दुसऱ्या प्रकाराबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. माझ्या भाच्याला 'दाराला कडी लाव' म्हटलं की तो मोबाईल काढतो, आणि लॅच, बोल्ट म्हटलं तरी तेच. पुस्तकातलं सगळं येतं, घरातलं काही येत नाही. दोन्हीकडून भिकारी!

टोरांटोची मावशी

भिकारी म्हणायची घाई नको गं. इथल्याच यॉर्क विद्यापीठात बियालिस्टॉक बाईंनी २०१०च्या अभ्यासात ३ ते १० वयाच्या १,७३८ मुलांचे इंग्रजी शब्द तपासले होते. दुभाषी मुलं एकभाषी मुलांपेक्षा मागे निघाली, पण शब्द वेगळे काढून बघितले तर शाळेतल्या शब्दांत दोघं जवळपास सारखी, मागे होती ती मुख्यतः घरातल्या शब्दांत. साहजिकच आहे, घरी ती वस्तू दुसऱ्या भाषेत राहते. माझ्या मुलीला चमच्यांचे सगळे प्रकार मराठीत येतात, शाळेत तिने बाईंना 'डाव' मागितला होता. दोन्ही भाषा मिळून मोजल्या की अशी पोरं मागे नसतात. हडपसरकरची चाळणी पण त्यातलीच, ती होती त्याच्याकडे, मराठीत होती.

वरणफळ

मावशी, तुमच्या मुलीच्या घरात मराठी आहे. माझ्या भाच्याच्या घरात कडी कुठल्याच भाषेत नाही, तिथे सगळं 'ते' आहे. ते दे, ते लाव, ते तिथे ठेव. बेरीज करायला दोन आकडे तरी पाहिजेत ना.

खानदेशी तडका

आता कसं बोललात! मोल्सवर्थ नावाच्या गोऱ्याने १८५७ मध्ये ६० हजार मराठी शब्दांचा कोश करून ठेवला. इथल्या किती जणांना त्यातले दहा हजार येतील? त्याची चाचणी काढा आधी. इंग्रजीचे शब्द मोजायला सगळ्यांची चढाओढ आणि मराठीची पट्टी एकाकडे नाही. माझी आजी सही करत नव्हती पण नुसत्या मातीला आणि नांगराच्या भागांना तिच्याकडे इतके शब्द होते की ते गेले तिच्याबरोबर, कुणी लिहून घेतले नाहीत, मी पण नाही.

उंटावरचा शहाणा

धागा इंग्रजीचा आहे हो. जरा वळा इकडे.

वरणफळताई, तुमच्या १४० प्रश्नांच्या चाचणीबद्दल. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि बरोबर उत्तरांना शंभराने गुणायचं. म्हणजे डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ३५ बरोबर, झाली ३,५०० कुटुंबं. शिवाय फ्रेंच किंवा स्पॅनिश पोराला लॅटिनमधून आलेले अवघड इंग्रजी शब्द घरबसल्या ओळखीचे वाटतात, आपल्याला नाही. तरी नॉन-नेटिव्ह म्हणून सगळे एकाच पोत्यात. आणि नेटिव्ह तरी एकसारखे आहेत का? गेंटच्याच अभ्यासात तळाच्या ५ टक्क्यांना २७ हजार, वरच्या ५ टक्क्यांना ५२ हजार. दुपटीचा फरक त्यांच्या त्यांच्यात आहे. त्या तळाच्या माणसाला कोणी म्हणत नाही तोरा आवर.

वरणफळ

बरं बाई, नेटिव्ह आणि आपण ही तुलना फालतू, दिलं लिहून. तुमचा पुतळा उभारू. पण माझी तक्रार अमेरिकन माणसाशी नव्हतीच. माझ्या पोरांपुढे जे पुस्तक आहे ते त्यांना वाचता येत नाही, आणि तुमच्यासारखे आकडेबहाद्दर 'आकडा चुकीचा' म्हटल्यावर आमचे प्राचार्य खूश होऊन शब्दांसाठी ठेवलेला तास प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनला देऊन टाकतात. मायकेल वेस्टने ढाक्यात मास्तरकी करताना ओळखलं होतं की आपल्या मुलांना बोलण्याआधी वाचायचं इंग्रजी हवंय. त्यानेच १९५३ मध्ये सगळ्यात कामाच्या दोनेक हजार शब्दांची यादी दिली. ती यादी तरी पक्की करून घ्या म्हटलं की मॅनेजमेंट म्हणतं जुनाट आहे.

आणि डोळे मिटून ३,५०० म्हणालात ना? आमच्या वर्गात दोघांना त्याहून कमी आले. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

हडपसरकर

दोघांना साडेतीन हजार कुटुंबं उसनी देतो, माझी पडूनच आहेत. चाळणी मात्र मागू नका.

बांद्रेकर

माझ्या रकान्याचं कोणी सांगितलंच नाही.

खानदेशी तडका

'इतर' मध्ये टिक करा साहेब. आम्ही आयुष्यभर तिथेच करतोय.