अनुभव धागा: एज ऑफ एम्पायर्समध्ये कोरियन घेऊन खेळणारे कोण कोण आहेत इथे?

मंडळी, परवा रात्री दीड वाजता आमच्या चौघांच्या मॅचमध्ये मी कोरियन निवडले आणि हेडफोनमध्ये तिघंही एकदम ओरडले, "अरे का पण??" म्हणजे मी काहीतरी गुन्हाच केला. एज ऑफ एम्पायर्स टू या संस्कृती निवडून गाव वसवायच्या आणि लढायच्या कॉम्प्युटर गेममध्ये कोरियन घेणारा माणूस म्हणजे लग्नात पंगतीला बसून फक्त वरणभात मागणारा, लोक बघतातच.

२००० साली त्याची काँकरर्स ही पुरवणी आली तेव्हा पाच नव्या संस्कृती आल्या होत्या, अॅझटेक, माया, हूण, स्पॅनिश आणि हे. हूणांना घरं बांधायची कटकट नाही, अटिलाची अख्खी मोहीम वर. स्पॅनिशांना एल सिद, अॅझटेकांना मॉन्टेझुमा. कोरियनांच्या वाट्याला काय, तर सुट्या लढायांच्या यादीत अगदी शेवटची एक, नोर्यांग पॉइंट १५९८. तरी मी वीस वर्षं हेच घेतोय. कारण मला घाई जमत नाही. तेवीस मिनिटांत कॅसल एजला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या युगात, जाणारा माणूस आहे मी (हसू नका). कोरियनांचे गावकरी दगड वीस टक्के जास्त वेगाने खणतात आणि टॉवरचे अपग्रेड फुकट, म्हणजे माझ्यासारख्याने चार टॉवर उभे करून दार लावून बसायचं आणि निवांत शेती करायची.

तर तुमचे अनुभव लिहा. जिंकलेले, हरलेले, लाज वाटणारे सगळे चालतील. दुसऱ्या गेममधला कोरिया असेल तरी लिहा.

*

हरलेला चालेल म्हणताय तर घ्या. हॉस्टेल, लॅनवर आठ जण, मी नुकताच ट्रश शिकलो होतो म्हणजे टॉवर रश, आणि कुणीतरी सांगितलं की ट्रशला कोरियनच पाहिजेत. फ्यूडलला, म्हणजे दुसऱ्या युगात, पोचलो, चार गावकरी घेऊन समोरच्याच्या लाकडाच्या लाइनवर गेलो, पहिला टॉवर उभा केला, त्याचे दोन गावकरी मेले, मी खुर्चीतून उठून नाचलो. आता गंमत अशी की गेम सुरू होताना हातात २०० दगड असतात आणि टॉवरला लागतात १२५. म्हणजे पहिल्यानंतर उरले ७५. घरी दगडावर एकही माणूस लावला नव्हता मी!! दगड वेगाने खणणारी सिव्ह (संस्कृती) घेऊन दगडच खणला नाही. दुसऱ्या टॉवरचं फाउंडेशनसुद्धा पडेना, माझे चार जण त्या एका टॉवरभोवती देवळाबाहेर चपला सांभाळत बसल्यासारखे उभे, तेवढ्यात त्याचे स्काउट आले. चौघंही गेले. त्या वर्षी हॉस्टेलमध्ये माझं नाव "पाऊणशे" पडलं होतं, का ते कळलं असेलच.

*

पाऊणशे 😂😂 धागा वसूल.

*

मला नाही आवडत कोरियन, स्पष्टच सांगतो. पॅलाडिन (सगळ्यात तगडे घोडेस्वार) नाही, उंट नाही, आणि ती बाण मारणारी वॉर वॅगन म्हणजे घोडे जुंपलेली भाजीची गाडी. एलिट हा वरचा अपग्रेड झाला की २०० एचपी (जीव), मान्य, मरत नाही लवकर. पण लाकूड किती खाते! निम्मं जंगल तोडून दहा गाड्या होतात आणि समोरचा तोवर भाले आणि स्कर्मिशर (फेकभालेवाले) घेऊन दारात. गेमच्या नव्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सैन्याला लागणारं लाकूड कमी केलंय त्यांनी म्हणून जरा तरी बरं. तरी नाही.

*

वरच्या भावाला, गाडी चालवता आली पाहिजे. चाळीस वॅगन एकत्र करा, मारा, मागे घ्या, मारा, मागे घ्या. स्कर्मिशर आले की पुढे दोनचार घोडेस्वार सोडायचे. माझं आजवरचं सगळ्यात मोठं समाधान म्हणजे फ्रँकवाल्या मित्राचे पॅलाडिन या भाज्यांच्या गाड्यांमागे धावून धावून संपले ते. तो अजून म्हणतो लॅग होता.

*

माझा अनुभव ब्लॅक फॉरेस्टचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मॅप म्हणजे घनदाट जंगल आणि मधून बोळ. लोक बोळाला भिंत घालतात आणि दोन दोन तास बसतात. मी आणि माझा धाकटा भाऊ एका टीममध्ये, समोर दोघं, त्यांनी बोळ असा बुजवलेला की मुंगी जाणार नाही. आता ओनेजर या दगडफेकी यंत्राच्या दगडाने झाडं तुटतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कोरियनांचं शिनकिचोन हे खास संशोधन घेतलं की ओनेजरची रेंज (पल्ला) आणखी वाढायची. मी चार सीज ओनेजर जंगलाच्या कडेला नेले आणि जमिनीवर मारा द्यायला सुरुवात केली. खट्, सहा झाडं गेली. पुढे सरका. खट्. पाऊण तास मी दुसरं काहीच केलं नाही, भाऊ एकटा बोळ लढवत होता आणि मला शिव्या देत होता. शेवटची झाडं पडली आणि समोर थेट त्यांचं बाजारपेठ, शेतं, गावकरी पालखीची वाट बघत असल्यासारखे निवांत. त्यांची सगळी फौज बोळाजवळ! मागून आलेलं कुणाला कळलंच नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी उत्साहात मारा चालू ठेवला आणि भावाचे आत घुसलेले तीस चँपियन (तलवारवाले) माझ्याच दगडांनी गेले. जिंकलो आम्ही. पण तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, आई विचारायची काय झालं रे तुमचं, काय सांगणार.

आणि आता २०२५ च्या थ्री किंगडम्स पुरवणीनंतर कोरियनांचा मँगोनेल-ओनेजरच काढून त्या जागी रॉकेट कार्ट दिलीय. इतिहासाला धरून आहे, सेजोंग राजाच्या काळात १४४८ ला त्यांनी शिन्गीजोन नावाचे अग्निबाण बनवले होते हे कबूल, पण माझं मन नाही लागत.

*

मी जरा जुना माणूस आहे, तुमच्या टू च्या आधीचा. १९९७ च्या पहिल्या एज ऑफ एम्पायर्समध्ये बारा संस्कृती होत्या आणि त्यात कोरियन होते चोसन या नावाने. ऑफिस सुटल्यावर साडेसहा ते नऊ, चार कॉम्प्युटर, साहेब गेले की केबल जोडायची. चोसनचे पुजारी तीस टक्के स्वस्त. मग काय, मी सैन्य बनवायचंच सोडून दिलं. पंधरा पुजारी, व्होलोलो व्होलोलो असा मंत्र म्हणत समोरच्याचे हत्ती आपल्या रंगात, म्हणजे आपल्या बाजूला. आमचे हेडक्लार्क फिनिशियन घेऊन हत्ती जमवायचे बिचारे, आणि मी ते घेऊन जायचो. शेवटी त्यांनी नियमच केला की पाचच्या वर पुजारी नाहीत. आणि टॉवरची रेंज तेव्हाही चोसनला जास्त होती बरं का, म्हणजे कोरियन आणि टॉवर हे लग्न पहिल्यापासूनचंच आहे.

*

काका, हेडक्लार्कांचे हत्ती 🙏

*

धाग्यात दुसरा गेम चालेल म्हणालात म्हणून लिहिते. मी सिव्हिलायझेशन सिक्स खेळते, मुलं झोपली की साडेदहा ते... किती ते विचारू नका. कोरिया फेब्रुवारी २०१८ च्या राइज अँड फॉल पुरवणीत आला आणि त्याची नेता राणी सोंडॉक. इथे टॉवर बिवर नाही, इथे सगळा खेळ अभ्यासाचा. त्यांची सोवोन म्हणजे शाळा टेकडीवरच बांधावी लागते, बांधली की सरळ चार सायन्स, आणि तिला खेटून दुसरा जिल्हा बांधला की एक एक कमी. म्हणजे शाळेशेजारी गोंगाट नको! मला हे इतकं आवडलं. आजूबाजूला खाणी आणि शेतं चालतात, बाजार नाही चालत. मी टेकड्या बघत बघतच गावं वसवते, आमच्या घरी नवऱ्याला वाटतं मी प्लॉट शोधतेय.

एकदा शेजारी जर्मनी होता, त्याने युद्ध पुकारलं तेव्हा माझ्याकडे सैन्यात दोन तिरंदाज. दोन! बाकी सगळ्या शाळा. घाईघाईने ह्वाचा बनवले, ते बाणांचे गाडे, आणि नदीच्या अलीकडे उभे केले. ह्वाचाची एक अडचण अशी की हलला त्या टर्नला मारू शकत नाही, म्हणून जिथे आहे तिथेच ठाण मांडून बसायचं. बसले. तो आला. मारला. सोंडॉक खरीच होती, सिला राज्याची, ६३२ ते ६४७, तिच्या काळात ग्योंगजूला नऊ मजली लाकडी पॅगोडा बांधला होता ह्वांग्न्योंगसा देवळात. १२३८ मध्ये मंगोलांनी तो जाळला. आता नुसते पायाचे दगड आहेत तिथे.

*

ताई, एक मिनिट. ह्वांग्न्योंगसा?? अहो तो एज टू मधला कोरियनांचा वंडर आहे, उभा करून राखला की जिंकवणारी भव्य इमारत! मी शंभरदा बांधला असेल, नाव कधी वाचलंच नव्हतं नीट.

आणि आता ऐका. कॉलेजला असताना एका मॅचमध्ये मी तो वंडर उभा केला, २०० वर्षांचा काउंटडाउन सुरू झाला. टॉवरांच्या दोन रांगा, कीप या वरच्या पायरीपर्यंत सगळे फुकट अपग्रेड झालेले, आत एक कॅसल. समोर मंगोल. मंगुदाई, त्यांचे घोडेस्वार तिरंदाज, बाहेर घिरट्या घालत होते आणि मला हसू येत होतं कारण घोड्यांनी टॉवर पडतात का. मग त्याने रॅम, म्हणजे भिंती फोडणारे लाकडी गाडे, आणले. मंगोलांचे रॅम ड्रिल या संशोधनानंतर किती पळतात ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. पहिल्यांदा एवढ्या जोरात पळणारं लाकूड बघितलं मी. दुरुस्तीला वीस गावकरी लावले, ते मेले, अजून दहा लावले. काउंटडाउनला १४ वर्षं उरली असताना वंडर कोसळला. चौदा!! आणि आज कळतंय की खऱ्यातही मंगोलांनीच.

*

पाण्यावरचं कुणीच लिहिलं नाही अजून? कासवजहाज, कोरियनांचं खास छप्परबंद लढाऊ जहाज!

आयलंड्स मॅपवर मी दुसरं काही घेतच नाही. डॉकवर लगेच मिळत नाही, आधी कॅसल बांधावा लागतो, आणि सोनं-लाकूड दोन्ही ढिगाने. बरं मिळाल्यावरही हे जहाज चालतं म्हणजे म्हैस डबक्यातून निघावी तसं. लांबून गॅलियन (बाण मारणारी जहाजं) टोचत राहतात, तुम्ही जवळ जाता, ते मागे सरकतात. मी पहिल्या दहाबारा मॅच असाच हरलो. मग कळलं की उघड्या समुद्रात यांच्या मागे लागायचंच नाही, चिंचोळ्या खाडीत किंवा त्याच्याच डॉकपाशी जाऊन बसायचं, त्याला यावंच लागतं. एकदा चिकटलं की मग संपलं. फक्त डिमॉलिशन शिपकडे, म्हणजे येऊन स्वतःसकट फुटणाऱ्या जहाजाकडे, डोळा ठेवा, माझी सहा कासवं एका फटक्यात गेलीत.

या नादात यी सुन-शिन या कोरियन नौसेनापतीबद्दल वाचलं. १५९७ ला म्योंग्न्यांगच्या सामुद्रधुनीत १३ जहाजं घेऊन शंभराच्या वर जपानी जहाजांना अडवलं या माणसाने, अरुंद पाणी आणि भरतीचा ओढा वापरून. आणि त्या १३ मध्ये कासवजहाज एकही नव्हतं. आधीच्या हारीत आरमारच बुडालं होतं, उरली ती साधी पानोकसोन जहाजं. पुढच्या वर्षी नोर्यांगला गोळी लागून गेला, जाताना म्हणाला की माझं मरण लढाई संपेपर्यंत सांगू नका. हे वाचल्यावर मी नोर्यांग पॉइंट परत खेळलो, त्यात तो स्वतःच एक कासवजहाज म्हणून मिळतो. मी त्याला बंदरातच ठेवला. मॅच संपेपर्यंत बाहेर काढलाच नाही.

*

आणि आपले आंग्रे? २०२२ ला गेमने भारताच्या एकाचे चार केले, गुर्जर, द्रविड, बंगाली, हिंदुस्तानी. मराठे नाहीत. विजयदुर्गाच्या खाडीत कासवजहाज विरुद्ध गलबत, मी पैसे देऊन खेळेन.

*

इथे उशिरा आलो पण लिहितोच. मी कामानिमित्त तीन वर्षं सोलजवळ राहतोय. पहिल्याच रविवारी ग्वांगह्वामुन चौकात गेलो, समोर यी सुन-शिनचा पुतळा, हातात तलवार, आणि पायाशी छोटं कासवजहाज. मी तिथे उभा राहून मित्राला व्हिडिओ कॉल केला आणि ओरडलो "अरे हे बघ एलिट आहे का साधं!" शेजारच्या आजी दचकल्या. १०० वॉनच्या नाण्यावरही तोच आहे, एक नाणं मी कीबोर्डच्या वर ठेवलंय, ट्रश करताना त्याला हात लावतो. सुवोनचा ह्वासोंग किल्ला पण बघितला, १७९६ ला पूर्ण झालेला, भिंतीवर फिरताना एकच विचार, इथे एवढा दगड कुणी खणला.

खरी गंमत ऑफिसात झाली. जेवताना सगळे विचारत होते की कोरियन किती येतं. मी म्हटलं येतं की थोडं, आणि गेममधले गावकरी बोलतात ते सगळं म्हणून दाखवलं. जुन्बी, म्हणजे तयार. मग लाकडावर लावल्यावर बोलतात ते, नामुक्कुन. टेबलावर शांतता आणि मग सगळे खो खो हसायला लागले. शेजारचा म्हणाला, अरे हा शब्द आम्ही लहानपणी गोष्टीत ऐकतो, लाकूडतोड्या आणि परीच्या. तुला लाकूडतोड्या येतो आणि काल तू पाण्याची बाटली मागायला खुणा करत होतास?