ऑटो डेबिटची खूण तपासा

‘पगाराच्या बँकेचंच क्रेडिट कार्ड घ्या, बिल आपोआप कापलं जातं’ असं पगारदारांना सांगितलं जातं, ते बरोबर आहे. फक्त या आपोआप कापण्याला, म्हणजे ऑटो डेबिटला, दोन पर्याय असतात, ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. खूण एकूण देयवरच आहे ना, हे कार्ड हातात आल्या आल्या ॲपमध्ये उघडून बघाच. किमानवर असेल तर २०,००० च्या बिलातले साधारण १,००० कापले जातात, ‘पेमेंट मिळालं’ असा मेसेज येतो आणि माणूस निर्धास्त होतो. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्के धरले तरी ६६५ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय बिनव्याजी मुदत जाते, म्हणजे पुढच्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज.

आणखी एक, कार्डाच्या करारात बहुधा असं कलम असतं की थकबाकी बँक तुमच्या तिथल्याच बचत खात्यातून वळती करू शकते. म्हणून वाळवा-कराडकडे ज्या खात्यात ऊसबिल जमा होतं, त्या बँकेचं कार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, पोरांची फी, सगळं त्या एका रकमेवर असतं. कार्ड दुसऱ्या बँकेचं घ्या आणि बिलापुरते पैसे तिकडे ठेवा.