स्लाऊजवळ बर्नहॅम बीचेस आणि स्टोक कॉमन : कुत्र्याला मोकळं सोडायचं का नाही?

बिजलीची_आई

नमस्कार मंडळी, आम्ही हिवाळ्यात पुण्याहून इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला शिफ्ट झालो आणि सोबत आमची बिजली पण आली, आपली साधी गावठी, तरुण आहे आणि पळायला एकदम तुफान. तिची मायक्रोचिप, रेबीजचं इंजेक्शन, मग रक्ताची टेस्ट, मग तीन महिने थांबा, कार्गोचं बुकिंग, हे सगळं करून एकदाची इथे पोचली. पुण्यात पहाटे वेताळ टेकडीवर मोकळी हुंदडायची, त्यामुळे इथल्या घराजवळच्या पार्कात तिचं काही भागत नाही.

शनिवार-रविवार बर्नहॅम बीचेसला जातो (बीच म्हणजे झाड, समुद्रकिनारा नव्हे). काय जंगल आहे हो ते! पण तिथे एका भागात पट्टा कंपल्सरी आणि दुसऱ्या भागात नाही, हे असं का ते कळत नाही. आणि परवा स्टोक कॉमनला एका आजोबांनी थांबवून अगदी गोड शब्दांत सांगितलं की मार्च लागलाय, आता जुलैअखेरपर्यंत हिला जवळ ठेवा. मी लगेच पट्टा लावला. नियम मोडायचा नाहीचये, पण मागचं कारण समजलं तर बरं वाटेल, कारण मला तरी तिथे नुसतं झुडूप आणि वाळकं गवतच दिसलं. शिवाय तिला मनसोक्त पळता येईल अशी जागा आसपास कुठे आहे? आणि गोचीड-साप वगैरेची कितपत काळजी करायची?

हिरवी_पायवाट

ताई, आधी त्या आजोबांना मनातल्या मनात थँक्यू म्हणा, कारण बरेच लोक बघून न बघितल्यासारखं करून पुढे जातात.

ते "नुसतं झुडूप" म्हणजे हीथलँड. हीदर (जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप), गॉर्स (पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप), मध्ये मध्ये उघडी वाळू, आणि जमीन अगदी नापीक. शेकडो वर्षं लोकांनी तिथे गुरं चारली, सरपण नेलं, म्हणून ती तशी मोकळी राहिली. नाहीतर बर्च आणि पाइन उगवून केव्हाच रान झालं असतं. बकिंगहॅमशरमध्ये पूर्वी असा माळ भरपूर होता, आता उरलाय त्यातला सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे हे स्टोक कॉमन, आणि तोही जेमतेम ८० हेक्टरचा. तुमच्या घरापासून गाडीने किती मिनिटं लागतात ते बघा आणि मग विचार करा की ही किती दुर्मिळ जागा आपल्या दारात आहे.

आता मार्च ते जुलै का. अशा माळावरचे बरेच पक्षी झाडावर घरटं करत नाहीत, जमिनीवर करतात. वुडलार्क, म्हणजे चंडोलाचा भाऊबंद, गवताच्या बुंध्याशी खळगा करतो. आपल्याकडे रातवा असतो ना, त्याचाच इथला भाऊबंद नाइटजार मे महिन्यात आफ्रिकेतून येतो आणि तो तर घरटं असं करतच नाही, उघड्या जमिनीवर दोन अंडी ठेवतो आणि त्यावर बसून राहतो. पिसांचा रंग वाळक्या पानांसारखा, त्यामुळे दोन पावलांवर असला तरी माणसाला दिसत नाही. पण कुत्र्याला वास येतो. कुत्रं त्याला काही करेलच असं नाही, बिजली नुसती हुंगत जवळ गेली तरी पुरे, पक्षी उडतो, अंडी उघडी पडतात आणि वर कावळा बसलेलाच असतो. दिवसभरात अशी वीस-पंचवीस कुत्री वाट सोडून आत गेली तर त्या पक्ष्याने काय करायचं?

इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने ज्या मोकळ्या रानामाळावर लोकांना फिरायचा हक्क दिलाय तिथे १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावर ठेवायचं असतं, आणि गुराढोरांजवळ वर्षभर. प्रत्येक जागेचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून गेटवरची पाटी वाचायचीच.

बर्नहॅम बीचेसची गोष्ट वेगळी. ते आहे बकिंगहॅमशरमध्ये पण मालकी लंडन सिटी कॉर्पोरेशनची, १८८० मध्ये त्यांनी ते विकत घेतलं, नाहीतर तिथे बंगले उभे राहायची वेळ आली होती. साधारण २२० हेक्टर. तिथली ती बुटकी, जाडजूड, पोटात ढोली असलेली बीच आणि ओकची झाडं बघितलीत ना, ती निसर्गाने तशी वाढलेली नाहीत. माणसाच्या डोक्याच्या वर खोड छाटायचे, म्हणजे नवीन फुटवा गुरांच्या तोंडाला लागत नाही, आणि दर काही वर्षांनी सरपणाला फांद्या मिळतात. अशी छाटलेली झाडं न छाटलेल्यांपेक्षा जास्त जगतात, तिथली बरीचशी चारशे-पाचशे वर्षांची आहेत आणि ड्रुइड्स ओक तर आठशेच्या वर. त्या ढोलीत हात न घालता नुसतं वाकून बघा एकदा, आत लाकडाचा तपकिरी भुगा झालेला असतो, ओलसर, बुरशीचा वास येणारा, आणि फक्त त्या भुग्यात जगणारे भुंगेरे असतात जे तरुण झाडात राहूच शकत नाहीत.

तर तिथे कुत्र्यांची संख्या प्रचंड आणि जागा एवढीशी, म्हणून २०१४ पासून त्यांनी नियम आणले. एका भागात पट्टा, एका भागात मोकळं पण हाकेच्या टप्प्यात, एका माणसामागे जास्तीत जास्त चार कुत्री, शी उचलायचीच, आणि कॅफेच्या लगतच्या जागेत कुत्रं न्यायचं नाही. म्हणजे ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनाही निर्धास्त फिरायला एक बाजू मिळाली आणि तुम्हाला मोकळं सोडायलाही एक बाजू मिळाली. मला तरी ही वाटणी एकदम न्याय्य वाटते.

लॅब्राडोरवाला_रेडिंग

वरच्या माहितीबद्दल वाद नाही पण दुसरी बाजू पण सांगतो. तरुण कुत्र्याला रोज मोकळं पळायला मिळालंच पाहिजे, कायम पट्ट्यावर ठेवलेलं कुत्रं घरात सोफा फाडतं आणि बाहेर दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतं. सगळीकडे "पट्टा लावा" असं करत गेलं तर लोक जाणार कुठे? म्हणून जागा निवडायची.

तुमच्या जवळ ब्लॅक पार्क आहे, वेक्सहॅमला. पाइनचं मोठं जंगल, तलाव, रुंद वाटा, तिथे कुत्रेवाल्यांची पहाटे जत्रा असते. तिथेही एका कोपऱ्यात हीथ आहे तेवढं सोडून बाकी मोकळं मैदान. जरा लांब जायची तयारी असेल तर सरेच्या बाजूला, वोकिंग वगैरेकडे, मुद्दाम कुत्रेवाल्यांसाठीच केलेली कुरणं आहेत. झालं काय की चोबहॅम कॉमन, हॉर्सेल कॉमन आणि तिकडचे सगळे हीथ मिळून ८,००० हेक्टरच्या वर क्षेत्र २००५ मध्ये तीन पक्ष्यांसाठी संरक्षित झालं, नाइटजार, वुडलार्क आणि डार्टफर्ड वॉर्बलर. मग ठरलं की हीथपासून ४०० मीटरच्या आत नवीन घर बांधायचं नाही, आणि त्यापलीकडे काही किलोमीटरच्या पट्ट्यात बांधायचं तर बिल्डरने नवीन रहिवाशांना फिरायला पर्यायी हिरवी जागा करून द्यायची, गोल फिरून परत येता येईल अशी वाट आणि कुत्र्याला मोकळं सोडायची सोय असलेली. हॉर्सेलजवळचं हेदर फार्म त्यातलंच. इंग्रजीत याला सॅंग म्हणतात, काउन्सिलच्या वेबसाइटवर यादी मिळते. ही कल्पना मला फार आवडते, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा हे घ्या म्हणणं.

आणि गावठी असेल तर खारीमागे, हरणामागे सुटणारच, तिचा नाद नाही करायचा. हाक मारली की परत येणं आधी कुंपण असलेल्या जागेत पक्कं करा, शिट्टीवर शिकवा, आल्यावर चीज नाहीतर उकडलेलं चिकन, रोजचा कोरडा दाणा नको. दहा मीटरचा लांब दोर मिळतो तो शिकवायला बेस्ट, पण घरट्यांच्या दिवसात हीथवर तो चालत नाही, कारण दहा मीटर म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंची घरटी टप्प्यात येतात.

अजून एक, आणि हे नीट लक्षात ठेवा. बर्नहॅम बीचेसमध्ये गायी आणि घोडे मोकळे चरतात, कुंपण दिसणार नाही, गायींच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो, हद्दीजवळ गेली की आवाज वाजतो आणि गाय गुमान मागे वळते. वासरू सोबत असेल तर लांबून वळसा घाला. आणि गाय अंगावर धावून आलीच तर कुत्र्याचा पट्टा हातातून सोडून द्या. ती कुत्र्याच्या मागे असते, कुत्रं पळून जातं, तुम्ही धरून ठेवलंत तर तुमच्या जिवावर बेतेल.

शुभा_व्हेटनर्स

मी व्हेटच्या क्लिनिकमध्ये काम करते म्हणून तब्येतीचं लिहिते.

गोचीड : मार्च ते ऑक्टोबर जास्त, पण थंडी सौम्य असेल तर वर्षभर. घरी आल्यावर कान, काख, जांघ, बोटांच्या मधे हात फिरवून बघायचं. एक प्लॅस्टिकचा छोटा हुक मिळतो, तो गोचिडीखाली सरकवून फिरवत काढायचा. तेल, काडेपेटी, व्हॅसलीन यातलं काही नको. आणि स्वतःचे पाय पण बघा, गोचिडीतून पसरणारा लाइम रोग माणसांनाही होतो, चावल्याच्या जागी हळूहळू पसरणारा लाल डाग दिसला तर जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) फोन करा.

साप : ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर, आपल्या घोणस-फुरशांच्या घराण्यातला. पाठीवर नागमोडी गडद पट्टा. मार्चमध्ये झोपेतून बाहेर येतो तेव्हा अंगात जोर नसतो, गॉर्सच्या कडेला उन्हाच्या बाजूला वेटोळं करून पडलेला असतो आणि पटकन हलत नाही, त्यामुळे कुत्र्याचं नाक नेमकं तिथे जातं. थोबाड किंवा पाय अचानक सुजला तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत न्या आणि निघतानाच व्हेटला फोन करा म्हणजे ते तयारीत राहतात. बांधायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. वेळेत आणलेली बहुतेक कुत्री बरी होतात.

पिसवा-गोचिडीचं औषध : मानेवर थेंब टाकायचं औषध लावलं असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस होईपर्यंत तिला तळ्यात उतरू देऊ नका. त्यातली फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं आहेत, अंगावरून धुऊन पाण्यात जातात आणि पाण्यातले किडे मारतात. लंडनला हॅम्पस्टेड हीथवर कुत्री पोहतात त्या तळ्यांमध्ये ती सापडलीयेत. गोळी देणं जमतंय का ते तुमच्या व्हेटला विचारा.

हिवाळ्यात चिखलातून आल्यावर पाय-पोट धुवा. अलाबामा रॉट नावाचा आजार इथे २०१२ पासून दिसतोय, कारण अजून सापडलेलं नाही, केसेस खूप कमी असतात पण होतो तेव्हा किडनीवर जातो. पायावर कारण नसताना फोड दिसला तर वाट बघू नका. आणि शरदात ओकची फळं खाऊ देऊ नका, पोट बिघडतं.

बिजलीची_आई

बाप रे, किती छान आणि किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! रातव्याचं वाचून तर अंगावर काटा आला, दोन पावलांवर बसलेला असू शकतो म्हणजे. ठरवलं, ऑगस्टपर्यंत स्टोक कॉमनला छोटा पट्टाच आणि पळायला ब्लॅक पार्क. एकच विचारायचं राहिलं, शी उचलायची म्हणता ते वाटेवर समजू शकते पण आत झाडीत कुठेतरी केली तर? खतच होतं ना ते मातीत?

हिरवी_पायवाट

खत होतं हाच तर प्रॉब्लेम आहे ताई. हीदर नापीक जमिनीवरच टिकतं, माती सुपीक झाली की गवत आणि काटेरी वेली त्याला गिळून टाकतात. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या जंगलांत अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की कुत्र्यांमुळे वर्षाला हेक्टरी ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जातो. शी सगळी उचलली तर फॉस्फरस जवळजवळ पूर्ण थांबतो, नायट्रोजन अर्ध्याहून थोडा जास्त कमी होतो, बाकीचा लघवीतला. शिवाय तिथे चरणाऱ्या गायींना त्यातून परजीवी जाऊ शकतात आणि गाभण गाय गाभडते. म्हणून झाडीतली सुद्धा उचला, आणि पिशवी फांदीला लटकवून येताना घेऊ असं करू नका, ती तिथेच राहते. कंबरेच्या बॅगेला बाहेरून अडकवायचा झाकणवाला डबा मिळतो, त्यात टाकून डस्टबिनपर्यंत न्यायची.

लॅब्राडोरवाला_रेडिंग

+१. आणि बिजलीच्या गळ्यात तुमचं नाव-पत्ता लिहिलेला बिल्ला आहे ना? मायक्रोचिप असली तरी बाहेर फिरताना तो इथे कायद्याने लागतो, १९९२ पासून. फोन नंबर पण टाकून घ्या. ब्लॅक पार्कला रविवारी सकाळी येणार असाल तर आधी इथे लिहा, आम्ही दोघं-तिघं येतो, बिजलीला सोबत होईल.