मुलं आपलं बोलणं जसंच्या तसं घेतात तेव्हा...

काल फोनवर बहिणीला सांगत होते, "अगं, आज पोरानं घर डोक्यावर घेतलंय." चार वर्षांची स्वारी शेजारीच होती. मोठ्याने ओरडला, "मावशी, आई खोटं बोलतेय! मी फक्त उशी घेतलीय." आणि खरंच डोक्यावर उशी होती.
तुमच्याकडचेही असे किस्से सांगा. पोरं मोठी झाली की साफ नाकारतात, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

---

आमच्याकडे कावळे आहेत. कामावरून आल्या आल्या मी म्हणालो, "लवकर वाढा, पोटात कावळे ओरडतायत." साडेतीन वर्षांच्या लेकीनं माझा शर्ट वर केला, पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "श्श, झोपलेत." मग सगळ्यांनी हळू बोलायचं. जेवताना माझ्या प्रत्येक घासाला प्रश्न, "त्यांना मिळालं का?"
पुढच्या आठवड्यात तिला ताप आला म्हणून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, तर ती म्हणते, "माझ्यात नाहीत. बाबांच्यात बघा."

---

भाचा म्हणाला, "आपण उद्या बागेत गेलो होतो ना?" मी समजावलं, झालेला दिवस काल, येणारा दिवस उद्या. त्यानं मान डोलावली. मग विचारलं, "आणि परवा?"
आता काय सांगणार! परवा मागेही असतो आणि पुढेही. शिकवणी तिथेच आटोपली.

---

आमची तीन वर्षांची 'केलं' म्हणतच नाही. भर-भरलं, धर-धरलं, मग कर-करलं! मुलं ऐकून ऐकून नियम शोधतात आणि तो सगळीकडे लावतात, म्हणजे चूक तिची नाही, भाषेची आहे. आता नवराही विचारतो, "काम करलंस का?" त्याला मात्र माफी नाही.

---

लपाछपी. राज्य माझ्यावर. मुलगा कानात सांगून गेला, "मी पडद्यामागे आहे, तिकडे बघू नकोस." मी नाही बघितलं. पाच मिनिटांनी रडतच बाहेर आला, "तू मला शोधतच नाहीस!"

---

थोडं विषयांतर. उंच पेल्यातलं दूध बघून आमचा पाच वर्षांचा नातू म्हणायचा, "एवढं नको." तेच पसरट वाटीत ओतलं की "हां, आता कमी झालं" म्हणून गटागट संपवायचा. मी स्वतःला फार हुशार समजत होते. नंतर वाचलं, की जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं असेच प्रयोग करून ठेवलेत. साधारण ६-७ वर्षांपर्यंत मुलं पातळीची उंची बघूनच कमी-जास्त ठरवतात. म्हणजे आमच्याकडे अजून एखाद वर्ष वाटी चालेल.

---

कावळेवाला बाबा परत आलोय. आज पोट जरा सुटलंय म्हणून बायको चिडवत होती. लेकीनं हळूच हात फिरवला आणि विचारलं, "अंडी घातली का?"