नियम आहेच, पळवाट बुजवा

कुणीतरी म्हटलंय की महापालिकेने बिल्डरांना ठरावीक घरं स्वस्तात द्यायला भाग पाडावं. अहो, तो नियम २०१३ पासून आहे! दहा लाखांवर वस्तीच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प असेल, तर २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात, पुण्यात दर वेळी अर्जांचा पाऊस पडतो.

घोडं पेंड खातं ते ४,००० या आकड्यावर. मोठ्या जमिनीचे दोन-तीन तुकडे पाडायचे, प्रत्येक ३,९०० च्या आसपास, नकाशे वेगवेगळे टाकायचे. झालं, एकही घर द्यायला नको. नाशिकमध्ये हीच घरं म्हाडाला न दिल्याच्या आरोपाचं प्रकरण २०२२ मध्ये विधिमंडळात गाजलं. शिवाय नकाशा मंजूर करणार महापालिका आणि सोडत काढणार म्हाडा. पालिकेने कळवलंच नाही तर म्हाडाला कळणार कसं?

त्यामुळे नवीन योजनेचे ढोल नकोत. गेल्या पाच वर्षांत मंजूर झालेल्या रेखांकनांची (जमिनीचे भूखंड पाडण्याच्या नकाशांची) यादी, मूळ सातबाऱ्यावरच्या क्षेत्रासकट, पालिकेने संकेतस्थळावर टाकावी. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं काम आहे.