बाबांचं जुनं कॅबिनेट ठेवायचंय, एसएमपीएस कोणता घेऊ?

धरणगावची_एडिटर

राम राम मंडळी. मी धरणगावला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. तुळशीचं लग्न झालं की कामं अंगावर येतात, त्याआधी नवं मशीन उभं करायचंय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन झालंय. अडलंय ते कॅबिनेट आणि एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा).

कॅबिनेट मला नवं नकोय. २००५ ते २०१४ बाबांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, त्यातलं एक माळ्यावर पडून होतं. मळकट पांढरं, जाड पत्र्याचं, एका हाताने उचलत नाही. पुढच्या बाजूला बाबांनी लाल ऑइलपेंटने ‘मशीन ३’ लिहिलंय, त्या ३ ची शेपटी ओघळून पार पॉवर बटणापर्यंत आलीय. शाळेतून आले की मी त्याच मशीनवर बसायचे, माझं नाव पहिल्यांदा टाइप केलं ते त्यावरच. बाबा म्हणतात, भंगारात दे. मला ते द्यायचं नाही.

आता अडचणी. हार्डडिस्कचा पिंजरा रिव्हेटने ठोकलेला आहे, त्यामुळे कार्डाला २२ सेंटिमीटर जागा मिळते आणि कार्ड आहे २४ चं. मागे ८० मिलिमीटरचा एकच फॅन, पुढून हवा यायला फक्त खालची एक फट. घराच्या मागे कापसाचं जिनिंग आहे. दिवाळीनंतर खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवलं तर देवाला लावायची वात वळता येईल एवढी रुई निघते. मे महिन्यात आपल्याकडचा पारा तुम्हाला माहीत आहेच.

आतला जुना एसएमपीएस चालू आहे, त्यावर ४५० वॉट लिहिलंय. तो चालेल का? आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ते कशामुळे?

पुण्याहून_पराग्या

एवढा खटाटोप कशाला? जाळीचं तोंड असलेली चांगली कॅबिनेट सहज मिळतात. नवं घ्या, जुनं शोभेला ठेवा.

धरणगावची_एडिटर

दादा, तुमचं बरोबर आहे, सोपं तेच आहे. पण शोभेला ठेवलं की चार वर्षांनी ते पुन्हा माळ्यावर जाईल. कामात राहिलं तरच राहील.

भुसावळ_बेंच

ताई, बावीस वर्षं रिपेअरिंगच्या टेबलावर बसतोय म्हणून सांगतो. ४५० हा आकडा बाजूला ठेवा. स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

धरणगावची_एडिटर

१४.

भुसावळ_बेंच

१२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. तुमचं ३०६० कार्ड एकटं १७० वॉट मागतं. म्हणजे प्रोसेसरला घोटभरही न देता हा एसएमपीएस संपला. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये वाटलेले आहेत, जुन्या मशीनना ते लागायचे. शिवाय कार्डाला वीज देणारी ८ पिनांची वायर त्याला नसणार आणि आतले कपॅसिटर एव्हाना फुगले असतील. तो उघडून बघू नका, बंद केल्यावरही आत काही वेळ ३०० व्होल्टच्या वर साठा असतो.

हिशेब असा. कार्ड १७०, ५६०० पूर्ण जोरात ७६, बोर्ड-रॅम-डिस्क-फॅन मिळून ५०-६० धरा. तीनशेच्या जरा वर. रेंडर करताना (एडिट केलेला व्हिडिओ तयार होताना) कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं, म्हणून कंपनीच या कार्डाला ५५० वॉट सांगते. चांगला ५५० किंवा ६५० घ्या, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर तरी दिसले पाहिजेत (४५ गुणिले १२, ५४० वॉट). ८५० च्या मागे लागू नका.

ब्रॉन्झ-गोल्डचा शिक्का बघा, पण तो काय सांगतो ते समजून घ्या. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती मशीनला पोचते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढंच. ती चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ५० अंश होतात. म्हणून ‘पूर्ण वॉट किती अंशांपर्यंत’ ही ओळ शोधा. ४० लिहिलं असेल तर सोडा, ५० वाला घ्या. आमच्या भुसावळला मी दुसरं काही बसवतच नाही.

लांबी १४० मिलिमीटरच बघा. तुमच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या अंगाला बसणार, १६०-१८० वाला डीव्हीडीच्या खणाला अडतो. रुंदी-उंचीची काळजी नको. एटीएक्स माप १९९५ पासून तेच आहे, भोकंसुद्धा जुळतील.

यूपीएस कुठला आहे? ६०० व्हीएचा बहुतेक ३६० वॉटचाच असतो. तीनशे वॉटचं मशीन भिंतीतून साडेतीनशे ओढतं. लाइट गेली की तो यूपीएस तिथेच बसेल आणि चालू रेंडर जाईल. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका.

आणि मुंग्यांचं हसण्यावारी नेऊ नका. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असलं की ती गळती जमिनीत जाते. नसलं की बॉडी मधेच लटकते, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असतो, पण त्याच बॉडीवर तुम्ही नवं कार्ड बसवणार आहात. आणि खरा फॉल्ट झाला तर त्याला वाट राहणार नाही. वायरमनला बोलवा. फेज-अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. कोणी प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. त्या जुगाडात न्यूट्रल तुटली की अख्खी बॉडी २३० वर येते.

जळगाव_एमआयडीसी_फिटर

ताई, पत्र्याचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

आधी आतलं सगळं बाहेर काढा, एक स्क्रूही ठेवू नका. लोखंडाचा कीस बोर्डाखाली गेला तर शॉर्ट ठरलेला. पिंजऱ्याचे रिव्हेट ३.२ च्या बिटने डोक्यावरून ड्रिल करा, टोपी उडाली की पिंजरा सुटतो. डिस्कला डीव्हीडीच्या खणात जागा आहे.

पुढे १२० चे दोन फॅन बसवा. पत्र्यावर चिकटपट्टी लावा, त्यावर पेनने आखा, म्हणजे रंगही निघत नाही आणि ब्लेडही घसरत नाही. स्क्रूच्या भोकांचं अंतर १०५ मिलिमीटर, मधलं भोक ११४ च्या होलसॉने (ड्रिलला लावायची गोल करवत). मागून लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय होलसॉ चालवू नका, पत्रा फडफडतो आणि दाता अडकला की मनगट पिरगळतं. चष्मा घाला. नंतर कानस फिरवा आणि कडेला गाडीच्या दाराचं रबरी बीडिंग बसवा, वायर कापली जाणार नाही.

मागचं ८० चं भोक तसंच राहू द्या. पुढून जास्त हवा आत, मागून कमी बाहेर असं ठेवलं की फटींतून रुई आत ओढली जात नाही, जे येईल ते फिल्टरमधूनच येईल. फिल्टर मच्छरदाणीच्या जाळीचा करा. चौकटीला जुन्या फ्रिजच्या दाराचं चुंबकी गास्केट कापून लावा, पत्र्याला घट्ट धरतं आणि रोज काढता येतं.

पावडर कोटिंग करून देईन म्हणालो असतो, पण भट्टीत जुना रंग ठेवता येत नाही. आधी सगळं साफ करावं लागतं, ‘मशीन ३’ जाईल.

चोपड्याचे_काका

एक राहिलं. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका. आपलं पाणी जड आहे, ओल्या हवेबरोबर क्षार आत जातात आणि रुई त्याला लिंपल्यासारखी चिकटते. माझ्या मुलाचा बोर्ड असाच गेला. आणि आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत जा.

धरणगावची_एडिटर

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

अर्थिंग आधी केलं. वायरमनदादांनी टेस्टर बॉडीला लावला तर दिवा लख्ख पेटला, मीटरवर १०८. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून नवी पट्टी टाकली. आता न्यूट्रल-अर्थ १.६ दाखवतं आणि मुंग्या गेल्या.

भोकं मीच पाडली. पहिलं जरा वाकडं झालं, दुसरं नीट आलं. होलसॉ चालताना ठोकळा मागून बाबांनी धरला होता. धरताना म्हणाले, ‘ही पुढची पट्टी जपून काढ, तिचा उजवा खिळा तुटलेला आहे.’ अकरा वर्षांनी त्यांना खिळा आठवला.

५५० चा घेतला, ५० अंशांवाला, लांबी १४०. तासभर रेंडर लावला, कार्ड ७१ अंशांवर थांबलं. जाळीवर पहिल्या आठवड्यात चिमूटभर रुई आली, आत काही नाही. रंगाला हात लावला नाही.

आता एकच अडलंय. पॉवरचा हिरवा दिवा लागत नाही. त्याच्या वायरीच्या टोकाची टोपी तीन पिनांची आहे, मधली रिकामी, आणि नव्या बोर्डावर जागा दोनच पिनांची.

भुसावळ_बेंच

जुन्या कॅबिनेटचं ते नेहमीचं आहे ताई. टोपीच्या बाजूला प्लॅस्टिकची बारीक जीभ दिसेल, ती शिवणाच्या सुईने उचला, कडेची पिन वायरीसकट बाहेर येते. ती मधल्या घरात सरकवा. तरी नाही लागला तर टोपी उलटी करून लावा, दिवा उलटा जोडला तर पेटत नाही एवढंच, जळत नाही.